संशयाचा फायदा

ब्लॅकटाउन, रविवार, ४ जुलै २०२१

नचिकेत,

पत्राच्या वर काय लिहावं यातच माझा अर्धा तास गेला. माझे वडील ‘चिरंजीव’ लिहायचे, खाली आशीर्वाद, मग मजकूर. मीही तसं लिहिलं आणि खोडलं. तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. अशा वेळी एकदम आशीर्वाद देऊन मोकळं होणं बरं दिसेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. अक्षर मोठं काढतोय, तुला मराठी वाचायला वेळ लागतो.

तू कॅनबेराला गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी इथे लॉकडाउन लागला. चारुता मावशीकडे हीटर पुरतो का? आई म्हणाली, सकाळी सहाला सुपरमार्केटच्या शिफ्टला जाताना गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो. हातमोजे घालत जा.

जे झालं ते एकदा सरळ लिहितो, कारण तुझ्या आणि माझ्या डोक्यात ते वेगवेगळं असणार. मे महिन्यात बेसबॉल क्लबच्या शेडमध्ये, सगळ्यांच्या सामानाच्या मोठ्या बॅगेत, स्टेरॉइडच्या कुप्यांची अर्धी रिकामी पेटी सापडली. नाव कुणाचंच नव्हतं. त्या आठवड्यात शेडची किल्ली पाच जणांकडे होती, त्यात तूही होतास. गेल्या वर्षीच्या लॉकडाउनमध्ये तुझं वजन अकरा किलो वाढलं होतं आणि तुझे चेंडू कुंपणापलीकडे जायला लागले होते. लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. जूनमध्ये, तू गेलास त्याच आठवड्यातल्या बुधवारी, कमिटीची झूम मीटिंग झाली. चौकशी होईपर्यंत तुला बाहेर ठेवायचं ठरलं. मी कमिटीत आहे, पण मी काही बोललो नाही. आपल्याच मुलाच्या बाबतीत काय बोलणार?

गुरुवारी देवघरातून भंडाऱ्याची डबी घेऊन मी तुझ्या खोलीत आलो, ते तुला आवडलं नाही. पण आमच्या गावात हीच रीत होती. खंडोबाचा भंडारा उचलून माणूस म्हणाला, मी केलं नाही, की विषय संपला. इथे बेलाचं पान मिळत नाही, म्हणून नुसता भंडारा आणला होता. एकदा हात लावला असतास तर मी सगळ्या क्लबशी भांडलो असतो. तू डबीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, “मी नाही उचलणार. तुम्ही विचारलंत ना बाबा, दॅट्स इट.”

त्यातून मी काय समजायचं, ते तरी सांग.

बाबा


ब्लॅकटाउन, रविवार, २५ जुलै २०२१

नचिकेत,

तुझ्या उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीचा निकाल आला. काहीच सापडलं नाही. तुला ईमेल आला असेलच. क्लबचा प्रेसिडेंट ब्रेट याने मला फोन करून सांगितलं, गुड न्यूज, मेट. मी लगेच विचारलं, मग तो खेळू शकतो ना? तो म्हणाला, लोक अजून कम्फर्टेबल नाहीत. चाचणी जूनच्या अखेरीस झाली, पेटी मेमध्ये सापडली, मधल्या वेळात कुणीही घेणं थांबवू शकतं. पुढची मीटिंग होईपर्यंत आहे तसंच राहू दे.

केलीव्हिलच्या अजितकाकाचाही फोन आला, तोही कमिटीत आहे. त्याचा वेद तुझ्याच टीममध्ये, तरी तो म्हणाला, “दीनानाथ, राग मानू नकोस, पण हल्ली लपवायच्या पण गोळ्या मिळतात रे.” म्हणजे सापडलं असतं तर गुन्हेगार, आणि सापडलं नाही तर हुशार गुन्हेगार. मी त्याला तसं म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, तू टेस्टर आहेस ना, तुला तर कळायला हवं.

हे मला लागलं. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. ते करताना चूक आहेच असं धरून चालायचं. सापडली नाही, तर आपण नीट शोधली नाही. वीस वर्षं मी याचाच पगार घेतोय.

तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. निकाल ऐकल्यावर पहिला विचार माझ्याही मनात तोच आला, की जून आणि मे यांच्यात सहा आठवडे आहेत. देवापुढे दिवा लावत होतो आणि मनात आठवडे मोजत होतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मीटिंगमध्ये मी काही बोललो नाही. माझा माइक बंद होता. हेही लिहून ठेवतो.

पायाला स्वस्थता नाही. जेवण झालं की अंगणात चकरा मारतो. शेजारची बाई कुंपणावरून विचारते, ऑल गुड? मी हात हलवतो.

बाबा


ब्लॅकटाउन, रविवार, १५ ऑगस्ट २०२१

नचिकेत,

आता कॅनबेराही बंद झालं. चारुता म्हणाली, दुकानातले टॉयलेट पेपर रचता रचता तुझी पाठ मोडली. इथे आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही. डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरतं. परवा मी फूटपाथवर उभा होतो, ते वरून गेलं आणि मी उगाच खिशातला मास्क चाचपला. काही केलेलं नसताना. मास्क तोंडावरच होता.

चारुताकडून दुसरी गोष्टही कळली, आणि ती तू आईलाही सांगितली नव्हतीस. तिथला एक क्लब तुला घ्यायला तयार आहे. फक्त आमच्या क्लबचा ना-हरकत फॉर्म हवा, तोही ऑक्टोबर संपायच्या आत, नाहीतर हा सीझन गेला. आणि आमची कमिटी सही करत नाही, कारण तो ठराव अजून कायम आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाचा आणखी एक सीझन गेला तर पुढे त्याला कुणी विचारत नाही, हे मला कळतं. तू मला हे सांगितलं नाहीस, याचं वाईट वाटायचा हक्क मला आहे का, याचा विचार करत होतो.

हे जेवताना निघालं. मी म्हणालो, मी तरी काय करणार, मला काय माहीत खरं काय ते. आईने हातातली पोळी ताटात ठेवली. तुला माहीत आहे, ती ओरडत नाही. म्हणाली, “गेल्या वर्षी सहा महिने तुम्ही गॅरेजच्या दारात टेबल टाकून बसला होतात. तुम्हाला काय दिसलं?”

मग सगळं आठवत गेलं. जिम बंद, वजनं दुकानात मिळेनात, म्हणून तू इंडियन स्टोअरमधून तांदळाच्या वीस किलोच्या दोन पिशव्या आणल्या होत्यास. एक पाठीवर, एक छातीशी. माझी साडेनऊची मीटिंग सुरू व्हायची तेव्हा तुझी उठाबशी सुरू व्हायची. मी कॅमेरा भिंतीकडे वळवायचो, कारण मागे तुला वर-खाली होताना बघून मॅनेजर हसायचा. आपटून आपटून तांदळाची कणी झाली. आईने चिडून दोन महिने कण्यांचीच खिचडी केली, आणि तू तीही पातेलंभर खायचास. एकदा पिशवी फाटली. तांदूळ सगळ्या गॅरेजभर. आपण दोघं गुडघ्यावर बसून वेचत होतो आणि तू म्हणालास, बाबा, हा माझा सप्लिमेंट.

जगात या गोष्टीचा एकच साक्षीदार आहे, आणि तो म्हणतो, मला काय माहीत.

बाबा


ब्लॅकटाउन, रविवार, ५ सप्टेंबर २०२१

नचिकेत,

आज पूजा लवकर आटोपली. पूर्वी रविवार कसा धावपळीचा असायचा. तुझ्या कपाळाला भंडारा लावायचा, तू वरून हेल्मेट चढवायचास, आणि मी स्कोअरबुक घेऊन गाडीत. तुझं हेल्मेट इथेच राहिलंय. आतला फोम कपाळाच्या जागी पिवळा झालाय. घासून पाहिलं, जात नाही. मग घासायचं सोडून दिलं.

गावातल्या शपथेबद्दल मी तुला अर्धंच सांगितलं. आमच्या शाळेचा रेडिओ एकदा चोरीला गेला. हेमचंद्र म्हणून शिपाई होता, त्याच्यावर आळ आला. देवळात त्याच्यापुढे ताट धरलं. तो म्हणाला, बारा वर्षं मी शाळा उघडतोय आणि बंद करतोय, ते पुरत नसेल तर देवाला मध्ये आणू नका. त्याने भंडारा उचलला नाही. झालं, गावाने ठरवलं. आम्ही पोरं त्याच्या मागे रेडिओचा आवाज काढत पळायचो. मीही पळालोय. वर्षभरात तो गाव सोडून गेला. रेडिओ कुणी नेला ते आजवर कळलं नाही. आणि बांध कोरणारी माणसं त्याच देवळात दर वर्षी बेधडक भंडारा उचलायची. त्यांचं काही बिघडल्याचं मी पाहिलं नाही.

देवावर माझा विश्वास आहे तसा आहे. पण त्याला आपण कुठल्या कामाला लावतो, याचा मी आजवर विचार केला नव्हता.

दुसरी गोष्ट लिहायची आहे. रात्री नऊनंतर इथे कर्फ्यू आहे, दिवसाही कुठे जायचं नसतं. म्हणून जुनी स्कोअरबुकं काढली. तुला खेळताना बघायला मिळावं म्हणून मी स्कोअरर झालो. गावात मी बेसबॉलचा चेंडूही पाहिला नव्हता. पुस्तिका पाठ करून शिकलो. बॅटरने मारलेला चेंडू फील्डरच्या हातून सुटला, तर ठरवायचं असतं स्कोअररने. चेंडू कठीण होता म्हणून बॅटरला श्रेय द्यायचं, म्हणजे ‘हिट’, की फील्डरची चूक मांडायची, म्हणजे ‘एरर’. हिट बॅटरच्या नावावर लागतो, एरर लागत नाही. आणि पुस्तिकेत स्पष्ट आहे, शंका असेल तर तिचा फायदा बॅटरला द्यायचा. मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते पेन्सिलीने अधोरेखित केलंय.

तीन सीझनची पानं उलटली. शंकेच्या जागी मी कोपऱ्यात बारीक टिंब काढतो, तुला माहीत आहे. वेदच्या नावापुढे टिंब, आणि हिट. त्या उंच डावखुऱ्या मुलाच्या नावापुढे टिंब, आणि हिट. तुझ्या नावापुढे टिंबं चौदा. चौदाही वेळा एरर.

एकदाही मी ठरवून केलं नाही. प्रत्येक वेळी मनात एवढंच असायचं, की बापाने मुलाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये. लोक म्हणायचे, दीनानाथ फार सरळ माणूस. ते ऐकून घरी येताना गाडीत मला बरं वाटायचं. तू शेजारी बसून खिडकीबाहेर बघत असायचास.

बाबा


ब्लॅकटाउन, रविवार, २६ सप्टेंबर २०२१

नचिकेत,

हे पत्र तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा लिहितोय.

माझा माइक बंद होता असं मी लिहिलं होतं. तो सुरुवातीला बंद होता. ब्रेटने ठराव वाचला आणि विचारलं, याला अनुमोदन कोण देतं? कुणी बोलेना. स्क्रीनवर आठ चौकोन. कुणाचं कुत्रं भुंकत होतं. सगळे माझ्याच चौकोनाकडे बघतायत असं मला वाटलं. झूमवर कोण कुठे बघतंय ते कळत नाही, तरी वाटलं. मग मी माइक उघडला आणि म्हणालो, “सेकंडेड.”

मला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रेट तर म्हणाला, मेट, तुला द्यायची गरज नाही. मी म्हणालो, नाही, माझं नाव लिहा. आणि त्याही वेळी, खरं सांगतो, आत कुठेतरी बरं वाटलं. गाडीत वाटायचं तसंच.

मला वाटत होतं हे तुला ठाऊक नसेल. परवा आईला सांगितलं. तिने हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, तो तेव्हा पॅसेजमध्ये होता. तुमच्यासाठी चहा घेऊन आला होता. कप परत आणून ओट्यावर ठेवला आणि खोलीत गेला.

म्हणजे दुसऱ्या दिवशी मी डबी घेऊन तुझ्या दारात उभा राहिलो, तेव्हा तुला सगळं माहीत होतं. आधी शिक्षेला अनुमोदन, मग शपथ. आमच्या गावानेही हा क्रम उलटा केला नव्हता.

तीन महिने तू आईला बोलला नाहीस, चारुताला बोलला नाहीस, क्लबमध्ये कुणाला बोलला नाहीस की माझ्या बापानेच हात वर केला. तू मला सांभाळत होतास का? मला ते सहन होत नाही. काल अंगणात इतक्या चकरा मारल्या की गवतात वाट पडली.

ब्रेटला ईमेल केला. माझं अनुमोदन मागे घेता येईल का? तो म्हणतो, ते आता नोंदीत गेलं, मागे घेता येत नाही. ठराव रद्द करायचा तर नवा ठराव कुणीतरी मांडायला हवा आणि त्याला अनुमोदन हवं. मीटिंग वीस ऑक्टोबरला आहे.

मी मांडतो म्हणालो.

बाबा


ब्लॅकटाउन, रविवार, २४ ऑक्टोबर २०२१

नचिकेत,

फॉर्मवर सही झाली हे तुला कळलं असेलच. कसं झालं ते माझ्याकडून ऐक, कारण लोक सांगतील तेव्हा मला मोठा करून सांगतील.

बुधवारी आठ चौकोन होते तसेच होते. मी माझं इंग्रजी कागदावर लिहून ठेवलं होतं. ते वाचलं नाही. म्हणालो, मागच्या वेळी मी अनुमोदन दिलं ते तुम्ही सगळे काय म्हणाल या भीतीने. माझ्याकडे पुरावा नव्हता. जे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. मग तांदळाच्या पिशव्यांचं सांगितलं. कॅमेऱ्यासमोर एक पिशवी उचलूनही दाखवणार होतो, पण कंबरेत उसण भरली. एक-दोघं हसले. त्याने बरं झालं.

एकाने विचारलं, म्हणजे तुझी खात्री आहे की पेटी त्याची नव्हती? मी म्हणालो, पेटी कुणाची होती हे मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, आणि कदाचित कधीच कळणार नाही. किल्ल्या पाच होत्या. त्यातली चार नावं तुम्ही कधी उच्चारली नाहीत. माझा मुलगा मला माहीत आहे. मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

ब्रेटने ठराव वाचला. बंदी रद्द करायची, फॉर्मवर सही करायची. अनुमोदन कोण देतं?

कुणी बोलेना. तीच शांतता. तेच कुत्रं. नचिकेत, त्या वेळी मला कळलं की जूनमध्ये अशीच शांतता होती, तेव्हा मी गप्प राहिलो असतो तर तो ठराव तिथेच पडला असता. बाकीचे त्या दिवशी वाईट नव्हते. ते नुसते वाट बघत होते. पहिला दगड त्यांना उचलायचा नव्हता, आणि तो मी उचलून दिला.

मग अजितकाकाचा माइक उघडला. आधी खोकला आणि मग आवाज आला, सेकंडेड. पाच विरुद्ध दोन मतांनी पास झाला, ब्रेट प्रेसिडेंट म्हणून मत देत नाही. नंतर त्याने फोन केला. मी आभार मानायला लागलो तर म्हणाला, “आभार बिभार राहू दे. मला अजून शंका आहे. पण तुझा तो चौकोनातला चेहरा बघवेना यार.” मी म्हणालो, चालेल.

कमिटीचा राजीनामा दिला. स्कोअरबुकं परत केली, एक सोडून.

एक नोव्हेंबरला रस्ते उघडतायत. मी आणि आई सकाळी निघून दुपारपर्यंत चारुताकडे गुंगालिनला पोचू. तू शिफ्टला असशील तर अस. दार उघडावंसं वाटलं नाही तर मी गाडीत बसेन, आई आत येईल. तिला तुला बघायचंय. गाडीत तुझं हेल्मेट आहे आणि वीस किलोची पिशवी आहे, न फाटलेली. डबी देवघरात आहे, ती आणणार नाही. भंडारा कपाळाला लावून घ्यायचा असेल तर कधीतरी तूच ये.

ठेवून घेतलेलं स्कोअरबुक २०१९चं आहे. ऑक्टोबरमधल्या एका रविवारचं पान उघडून बसलोय. तू जमिनीलगत मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या फील्डरच्या हातमोज्याच्या टोकाला लागून पुढे गेला होता. त्याने सूर मारला होता, तरी पुरता पोचला नव्हता. तू पहिल्या बेसवर धापा टाकत उभा राहिलास आणि वळून माझ्या टेबलाकडे पाहिलंस. मी मान खाली घालून टिंब काढलं आणि एरर लिहिला.

तो हिट होता.

बाबा